लडाखमधला पर्माफ्रॉस्ट: दोन उन्हाळे आणि वीस लॉगर हाताशी असतील तर काय मोजावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात पीएचडीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याला लेहच्या वरच्या भागात पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीन, वितळतोय हे दाखवायचं आहे. बोअरहोलला पैसे नाहीत, हातात दोन उन्हाळे आहेत आणि पंधरा-वीस लॉगरांपुरतं, म्हणजे तापमान आपोआप नोंदवत राहणाऱ्या छोट्या सेन्सरांपुरतं, बजेट आहे. उपग्रहावरून मिळणारं जमिनीचं तापमान वापरलं तर चालेल का, सेन्सर कुठे आणि किती खोल पुरायचे, आणि निष्कर्ष उत्तराखंडमधल्या चमोलीसारख्या दुर्घटनेशी जोडता येतील का, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी नको असलेलं उत्तर देऊन टाकते. या साधनांत आणि एवढ्या वेळात 'वितळतोय' हे सिद्ध होणार नाही. 'कुठे आहे, कुठे नाही आणि कुठे सांगता येत नाही' हे मात्र नीट दाखवता येईल. लडाखसाठी ते काम लहान नाही. तिथे जमिनीत उतरून केलेल्या मोजण्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. लेहच्या वर, खारदुंग ला या खिंडीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या गंगलेस खोऱ्यात रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेच्या गटाने केलेलं काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. तेसुद्धा मुख्यतः एका वर्षाच्या पृष्ठभागाच्या तापमानांवरच उभं आहे. प्रबंधाचं शीर्षक अजून बदलता येत असेल तर बदलून घ्या.

वितळणं तापमानावरून का दाखवता येत नाही, हे आकड्यांत बघा. एक घनमीटर जमिनीत आकारमानाने ३० टक्के बर्फ आहे असं धरा. म्हणजे साधारण २७५ किलो. किलोमागे ३३४ किलोज्यूल धरले तर तो वितळवायला ९२ मेगाज्यूल लागतात. तेवढ्याच कोरड्या खडकाचं तापमान एक अंशाने वाढवायला पुरतात सुमारे २ मेगाज्यूल. वरून वर्षभर सरासरी १ वॉट प्रति चौरस मीटर इतकी जादा उष्णता खाली जात राहिली तरी तो एक मीटरचा थर वितळायला जवळजवळ तीन वर्षं जातील, आणि तेवढा काळ त्यात बसवलेला थर्मामीटर शून्याच्या आसपास रेंगाळत राहील. म्हणजे बर्फाने भरलेल्या जमिनीत जेव्हा सर्वांत जास्त घडत असतं, तेव्हाच तापमानाचा आलेख सर्वांत सपाट दिसतो.

याचं उत्तम उदाहरण स्वित्झर्लंडच्या आल्प्समध्ये आहे. २००३ च्या उष्ण उन्हाळ्यात शिल्टहॉर्न इथे वरचा, दर उन्हाळ्यात वितळणारा थर सुमारे ५ मीटरवरून जवळजवळ ९ मीटरपर्यंत गेला. तिथल्या जमिनीत बर्फ कमी आहे. त्याच उन्हाळ्यात मुर्तेल रॉक ग्लेशियरवर (आत बर्फ भरलेल्या, सावकाश सरकणाऱ्या दगडगोट्यांच्या ढिगावर), जिथे १९८७ पासून ५८ मीटर खोल बोअरहोल आहे, हा थर फारसा बदलला नाही, कारण दगडगोट्यांखाली तिथे बर्फच बर्फ आहे. देश एक, उन्हाळा एक, आणि उत्तरं अगदी वेगळी. तेव्हा एका जागेच्या एका वर्षावरून हवामानबदलाबद्दल काही बोलू नका, मग आकडा कितीही देखणा असो.

आता उपग्रहाचं तापमान. ते नुसतं चालणार नाही. पर्माफ्रॉस्ट म्हणजे सलग किमान दोन वर्षं शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहिलेली जमीन; मग ती माती असो, मुरूम असो वा पक्का कातळ, आणि तिच्यात बर्फ असो वा नसो. उपग्रह मोजतो ते सर्वांत वरच्या पापुद्र्याचं तापमान, तेही आकाश निरभ्र असेल तेव्हाच. लँडसॅटचा एकेक उपग्रह तर सकाळी साडेदहाच्या सुमारास एकदाच वरून जातो आणि सोळा दिवसांनी परत येतो. त्यातून काढलेली 'वार्षिक सरासरी' ही निरभ्र सकाळची सरासरी असते. हिवाळ्यात आणखी घोटाळा होतो. जमिनीवर हिम असेल तर उपग्रहाला दिसतो हिमाचा पृष्ठभाग, जो रात्री उणे पंचवीसपर्यंत जाऊ शकतो, आणि त्याच वेळी अर्धा-पाऊण मीटर हिमाखालची जमीन उणे सहाला निवांत असते. मोडिस हा दुसरा उपग्रही सेन्सर दिवसाला चारदा बघतो, पण त्याचा एक चौकोन एक किलोमीटरचा. लडाखच्या एका किलोमीटरमध्ये उत्तर उतार, दक्षिण उतार, ओढा आणि रस्ता सगळंच येतं.

जगभराचे तयार नकाशेही बहुतेक एक किलोमीटरच्या चौकोनांतलेच आहेत. कुठे जायचं हे ठरवायला ते उपयोगी आहेत. पण अशा नकाशाशी स्वतःचे आकडे 'जुळले' म्हणून खूश होऊ नका. त्यात गृहीत धरलेला हिमाचा परिणाम कोरड्या लडाखला लागू पडेलच असं नाही. उपग्रहांचा खरा उपयोग हिम कधी पडलं आणि कधी गेलं याच्या तारखांसाठी करा. सेंटिनेल-२ दहा मीटरला पाच दिवसांनी चित्र देतो, आणि त्या तारखा लॉगरच्या नोंदींशी ताडून बघता येतात.

म्हणजे मुख्य काम लॉगरनेच करायचं. खोलीचा प्रश्न आधी घेते. साध्या खडकाची उष्मा-विसरणक्षमता, म्हणजे त्यात उष्णता किती वेगाने पसरते तो आकडा, सुमारे एक दशलक्षांश चौरस मीटर प्रति सेकंद धरली तर दिवस-रात्रीच्या तापमानाची लाट १७ सेंटिमीटरला साधारण ३७ टक्के उरते, वर्षाची लाट ३.२ मीटरला. पृष्ठभागावर हिवाळा-उन्हाळ्याचा झोका अधिक-उणे १५ अंशांचा असेल तर १० मीटर खाली तो अधिक-उणे ०.६ एवढाच राहतो, आणि तोही सहा महिने उशिरा पोहोचतो: वर जानेवारीची थंडी पडते ती दहा मीटरवर जुलैत जाणवते. झोका ०.१ अंशाखाली जायला सुमारे १६ मीटर लागतात. म्हणून गंभीर बोअरहोल किमान वीस मीटरचं करतात, आणि म्हणूनच हाताने खणलेल्या एक मीटरच्या खड्ड्यात जुलैत बर्फ सापडला किंवा नाही सापडला, यावरून काहीच ठरत नाही. जुलैत सापडलेला बर्फ मागच्या हिवाळ्याचाही असू शकतो.

खणून खोल जाता येत नसेल तर ५ ते १० सेंटिमीटर पुरे. वार्षिक सरासरी पाचला आणि दहाला जवळजवळ सारखीच येते, मात्र उन्हाचा थेट मारा टळायला हवा. लडाखच्या उन्हात उघड्यावर ठेवलेला लॉगर जमिनीचं नाही, स्वतःच्या डबीचं तापमान सांगतो.

लॉगर कुठला घ्यावा हे खिशावर अवलंबून आहे. विद्यार्थी बहुधा आयबटन डीएस १९२२एल घेतात, कारण तो नाण्याएवढा असतो आणि त्यातल्या त्यात स्वस्त. त्याच्या तीन गोष्टी माहीत हव्यात. पहिली, ०.०६२५ अंशांच्या बारीक नोंदीत त्याच्या स्मृतीत ४,०९६ वाचनंच मावतात. दोन तासांचं अंतर ठेवलंत तर ३४१ दिवसांत भरून जातो आणि वर्ष पूर्ण होत नाही. हा घोळ फार जणांचा होतो. तीन तासांचं ठेवा, ५१२ दिवस मिळतात. दिवसाला आठ वाचनं आपल्या कामाला भरपूर झाली. दुसरी, स्मृती भरल्यावर जुन्या नोंदी पुसत पुढे लिहिण्याची सोय बंद करा, नाहीतर काढायला उशीर झाला की सुरुवातीचा हिवाळा गेला. तिसरी, त्याची हमी अधिक-उणे ०.५ अंशाची आहे आणि तीही उणे १० च्या वरच. लडाखचा उघडा मुरूम हिवाळ्यात त्याच्या बराच खाली जातो. पैसे असतील तर ०.१ अंश अचूकतेचे थर्मिस्टरवाले (तापमानाप्रमाणे विद्युतरोध बदलणाऱ्या सेन्सरचे) लॉगर संख्येने कमी, पण घ्या. नसतील तर आयबटन घ्या आणि तपासणी कसून करा.

तपासणी घरी होते. डिस्टिल्ड पाण्याचा बर्फ करून बारीक कुटा, मोठ्या थर्मासमध्ये भरा आणि डिस्टिल्ड पाणी फक्त फटी भरतील इतकंच घाला. बर्फ तरंगत असेल तर पाणी जास्त झालं. लॉगर पातळ रबरी फुग्यात बांधून मधोमध दाबा आणि दोन-तीन तास ठेवा. मधून मधून ढवळा, कारण तळाशी पाणी साचलं की तिथे चार अंशांपर्यंत जाऊ शकतं. प्रत्येकाचा शून्यापासूनचा फरक लिहून ठेवा. लेहला हवेचा दाब कमी असला तरी बर्फाच्या वितळबिंदूवर त्याचा परिणाम अंशाच्या हजारांश भागांत आहे, त्यामुळे हीच तपासणी तिथेही करता येते. थंड बाजूसाठी सगळे लॉगर कोरड्या वाळूने भरलेल्या एकाच पत्र्याच्या डब्यात घालून घरच्या फ्रीझरमध्ये दोन दिवस ठेवा. खरं तापमान किती हे कळणार नाही, पण कोण कळपातून बाहेर पडतो ते लगेच दिसेल. तो लॉगर पुण्यातच ठेवा.

आता जागांची निवड. वीस लॉगर वीस ठिकाणी लावायचा मोह होईल, पण तसं करू नका. स्वित्झर्लंडमध्ये पीस कोर्वाचजवळ एका अभ्यासात ३९ चौकोनांत मिळून ३९० आयबटन लावले होते, प्रत्येक चौकोन दहा बाय दहा मीटरचा. एवढ्याशा चौकोनात वार्षिक सरासरी अडीच अंशांपर्यंत बदलत होती, फक्त हिम कुठे साचतं आणि दगड केवढे आहेत यावर. म्हणजे एका जागी एकच लॉगर असेल तर तुम्ही उतार मोजताय की एका दगडाची सावली, हे कळायला मार्ग नाही.

म्हणून सहा जागा आणि प्रत्येक जागी तीन लॉगर, एकमेकांपासून तीन ते दहा मीटरवर. उरलेले दोन सुटे. उंचीच्या तीन पायऱ्या घ्या, उदाहरणार्थ ४,७००, ५,००० आणि ५,३०० मीटरच्या आसपास, आणि प्रत्येक पायरीवर एक उत्तरेकडचा उतार आणि एक दक्षिणेकडचा. सहाही ठिकाणी पृष्ठभाग शक्यतो सारखा ठेवा, म्हणजे बारीक मुरूम किंवा खडीमिश्रित माती. उंची, दिशा आणि पृष्ठभाग ही तिन्ही एकदम बदललीत तर अठरा लॉगरांतून काहीच सुटं करता येणार नाही. मोठ्या दगडांच्या राशी मुद्दाम टाळा, किंवा घ्यायच्याच असतील तर एकच जागा वेगळी घ्या. त्यांच्या पोकळ्यांत हिवाळ्याची जड थंड हवा उतरून बसते आणि उन्हाळ्यात सहज बाहेर पडत नाही, त्यामुळे त्या आजूबाजूच्या मुरमापेक्षा काही अंशांनी थंड असतात. त्याच तत्त्वामुळे सबंध उतार थंड आहे असा गैरसमज होतो.

उंचीबद्दल एक गोष्ट. खारदुंग ला चा फलक वर्षानुवर्षं १८,३८० फूट सांगत आला, म्हणजे ५,६०२ मीटर. प्रत्यक्षात खिंड सुमारे ५,३५९ मीटरवर आहे. हजार मीटरला साडेसहा अंश या ढोबळ हिशेबाने तेवढ्या फरकाने दीड अंश इकडचा तिकडे होतो, आणि तुमचं सगळं उत्तर दीड अंशातच दडलेलं असणार आहे. फलकावरची किंवा फोनवरची उंची प्रबंधात घेऊ नका. जीपीएसने जागा घ्या आणि उंची चांगल्या डीईएमवरून, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशावरून, काढा.

लॉगर ऑगस्टअखेर लावा. पुरताना वरची खडी एका बाजूला आणि खालची माती दुसऱ्या बाजूला ठेवून त्याच क्रमाने परत भरा. खळगा ओलसर आणि सैल राहिला तर त्यात पाणी मुरतं आणि तिथलं गोठणं-वितळणं आजूबाजूपेक्षा वेगळं होतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी टाकून द्यायच्या हे आधीच ठरवा. लॉगर पातळ स्टीलच्या तारेने शेजारच्या हलणार नाही अशा दगडाला बांधा, तार मातीखालून न्या. झळकणारा रंग किंवा झेंडा लावू नका. गुराखी, मुलं आणि रस्त्याचे कामगार ते उचलून बघतातच, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. याक आणि शेळ्या उकरतात, मार्मोट तार कुरतडतो. पण नोंदी बुडण्याचं सर्वांत मोठं कारण जनावर नाही, जागा परत न सापडणं हे आहे. हातातल्या जीपीएसची चूक पाच मीटरची असते आणि मुरमाच्या उतारावर पाच मीटरमध्ये सगळं सारखंच दिसतं. प्रत्येक लॉगरचे तीन फोटो घ्या: जवळून मोजपट्टीसह, दहा पावलांवरून, आणि मागे डोंगराची कड येईल असा. दोन ठळक दगडांपासूनचं अंतर टेपने मोजून वहीत लिहा. पेन्सिलने लिहा, थंडीत बॉलपेन चालत नाही.

वर्षाने नोंदी उतरवल्यावर थेट सरासरी काढायला धावू नका, आधी आलेख डोळ्यांनी वाचा. हिम साचणाऱ्या जागेचा आलेख असा दिसतो. सप्टेंबरमध्ये दिवस-रात्रीचे मोठे झोके. ऑक्टोबरमध्ये रोज शून्य ओलांडणं. मग एक दिवस झोका अचानक मावळतो: हिम बसलं. पुढे तापमान गुळगुळीत रेषेने खाली जात राहतं. वसंतात, मार्च ते मे मध्ये कधीतरी, ही रेषा एक-दोन दिवसांत उणे पाचवरून सरळ शून्यावर उडी मारते. हवा एवढी तापलेली नसते. हिमातून झिरपलेलं पाणी थंड जमिनीला टेकून पुन्हा गोठतं आणि गोठताना उष्णता सोडतं. मग हिम संपेपर्यंत आलेख शून्याला चिकटून राहतो. याला झिरो कर्टन म्हणतात. हिम गेलं की त्याच दिवशी दुपारी वीस अंशांची उसळी दिसते.

हा सपाट तुकडा म्हणजे फुकटात मिळालेली दुसरी तपासणी. तिथे लॉगर ०.०० ऐवजी ०.३ दाखवत असेल तर सगळ्या नोंदींतून ०.३ वजा करा आणि थर्मासमधल्या फरकाशी ताडून बघा. दोन्ही जुळत नसतील तर लॉगर सरकला आहे किंवा बॅटरी थंडीत दमली आहे. लडाखच्या वाऱ्याने झोडलेल्या उतारांवर मात्र असा सपाट तुकडा मुळीच दिसणार नाही, कारण तिथे झोका थांबेल इतकं हिम बसतच नाही. अशा जागी थर्मासच्या तपासणीवरच विसंबावं लागतं, म्हणून ती परत आणल्यावरही एकदा करा. स्विस संशोधक हाबरली यांनी १९७० च्या दशकात आल्प्ससाठी मांडलेली, हिमाच्या तळाचं तापमान फेब्रुवारी-मार्चमध्ये मोजण्याची पद्धतही याच कारणाने लेहजवळ निरुपयोगी आहे. तिला किमान ८० सेंटिमीटर ते एक मीटर टिकून राहिलेलं हिम लागतं. तिचे उणे २ आणि उणे ३ चे निकष लडाखला लावलेले प्रबंध दिसतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

सरासरी नेहमी पूर्ण वर्षाची, १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. उन्हाळ्यातले वीस दिवस गळाले तरी सरासरी अंशभर खाली जाऊ शकते. पहिल्या वर्षी पुरून दुसऱ्या वर्षी नोंदी उतरवल्यात तर सप्टेंबर नेमका कापला जातो. उपाय दोन: काढणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ठेवा, किंवा कुठलाही सलग ३६५ दिवसांचा तुकडा घ्या आणि तो सगळ्या लॉगरांना एकच ठेवा.

आता त्या सरासरीचा अर्थ. पृष्ठभागाची सरासरी म्हणजे पर्माफ्रॉस्ट नव्हे. गोठलेली ओली जमीन वितळलेल्या जमिनीपेक्षा उष्णता चांगली वाहून नेते, कारण बर्फाची वाहकता पाण्याच्या जवळजवळ चौपट आहे. त्यामुळे हिवाळ्याची थंडी आत शिरते त्यापेक्षा उन्हाळ्याची ऊब कमी शिरते, आणि खालची सरासरी वरच्यापेक्षा थोडी थंड राहते. कोरड्या मुरमात हा फरक नगण्य असतो, ओलसर मातीत किंवा झऱ्याजवळच्या कुरणात तो लक्षात घ्यावा लागतो. शिवाय खोलवरची थंडी जुन्या हवामानाची उरलेली असू शकते. माझा ढोबळ निकष असा: एका जागेच्या तिन्ही लॉगरांची सरासरी उणे २ च्या खाली असेल तर 'पर्माफ्रॉस्ट बहुधा आहे', अधिक २ च्या वर असेल आणि दगडांची रास नसेल तर 'बहुधा नाही', आणि मधल्या पट्ट्यात 'सांगता येत नाही'. मधल्या पट्ट्यात सहापैकी तीन जागा आल्या तरी बिचकू नका, परीक्षकाला तेच प्रामाणिक वाटेल. निकष मात्र नोंदी उतरवण्याआधी लिहून ठेवा.

इथवरचं सार एवढंच: लॉगर वितरण सांगतील, बदल नाही. बदलच दाखवायचा असेल तर भूतकाळातली कुठलीतरी मोजणी हवी, आणि लडाखमध्ये ती बोअरहोलमध्ये नसली तरी चित्रांत आहे. रॉक ग्लेशियर, म्हणजे आत बर्फ भरलेले, उतारावरून सावकाश सरकणारे दगडगोट्यांचे जिभेसारखे ढीग, तिथे भरपूर आहेत. त्यांचा पुढचा कडा तीव्र उताराचा आणि ताजा उकरल्यासारखा असेल, अंगावर वळ्या असतील, तर ते बहुधा जिवंत आहेत. कोरोना या अमेरिकन टेहळणी उपग्रहांची १९६० ते १९७२ दरम्यानची चित्रं १९९५ मध्ये खुली झाली, आणि चांगल्या कॅमेऱ्याच्या चित्रांत दोनेक मीटरचा दगड ओळखता येतो. आजच्या चित्राशी जुळवून पन्नास वर्षांचं सरकणं काढता येतं. त्या फिल्मची वेडीवाकडी भूमिती सरळ करणं हे काम कंटाळवाणं आहे, आणि खरी चूक तिथेच शिरते. म्हणून आजूबाजूच्या न हलणाऱ्या कातळावर किती 'खोटं' सरकणं येतं ते आधी मोजा, आणि त्याच्या दुपटीहून कमी असलेलं काहीही खरं मानू नका.

आजच्या वेगासाठी रडार इंटरफेरोमेट्री आहे, म्हणजे वेगवेगळ्या दिवशीच्या रडार लहरींची तुलना करून जमीन किती सरकली ते काढणं. सेंटिनेल-१ ची लहर साडेपाच सेंटिमीटरची, नासा-इस्रोच्या निसारच्या एल बँडची सुमारे २४ सेंटिमीटरची. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून सुटलेला निसार वर्षाला मीटरभर सरकणाऱ्या वेगवान ढिगांसाठी म्हणूनच अधिक सोयीचा. एक मर्यादा दोघांनाही आहे: हे उपग्रह जवळपास उत्तर-दक्षिण फिरतात आणि बाजूला बघतात, त्यामुळे उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकणारा ढीग त्यांना जवळजवळ थांबल्यासारखा दिसतो. आणि लडाखचे सर्वांत चांगले रॉक ग्लेशियर नेमके उत्तर उतारांवर असतात. तेव्हा पूर्व-पश्चिम वाहणारे एक-दोन निवडा.

विद्युत रोधकता मोजण्याचा विचार करत असाल तर तत्त्व तुमच्या ओळखीचं आहे. महाराष्ट्रात विहीर-बोअरची जागा बघणारे भूजलवाले हेच करतात. फरक आकड्यांत आहे. बर्फाने भरलेल्या गोट्यांची रोधकता दहा हजारांपासून दहा लाख ओहम-मीटरपर्यंत जाते. कोरड्या दगडांत इलेक्ट्रोड नीट टेकतच नाही, विद्युतप्रवाह काही मिलिअँपियरच्या पुढे जात नाही, आणि आपल्याकडे भाड्याने मिळणारं साधं यंत्र तिथे नुसते भरकटलेले आकडे देतं. खारट पाण्यात भिजवलेला स्पंज इलेक्ट्रोडभोवती दाबून बसवा आणि मोजणीआधी प्रत्येकाचा संपर्करोध बघा. ४८ इलेक्ट्रोड दोन-दोन मीटरवर लावले तर ९४ मीटरची रेषा होते आणि वेनर मांडणीत (एका वेळी चार इलेक्ट्रोड सारख्या अंतरावर) साधारण १५-१६ मीटर खोलवर दिसतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला मोजा, तेव्हा वितळलेला थर सर्वांत जाड असतो आणि सीमा स्पष्ट येते. हवा आणि बर्फ दोघांचीही रोधकता प्रचंड असते, हे विसरू नका. चित्रातला लालभडक डाग पोकळीही असू शकतो. फरक करायला त्याच रेषेवर हातोड्याची भूकंपीय मोजणी लागते: बर्फात लहर सेकंदाला साडेतीन हजार मीटरच्या आसपास धावते, हवा भरलेल्या गोट्यांत काही शे मीटरने. ते जमत नसेल तर रोधकतेचा नाद सोडा आणि ते पैसे चांगल्या लॉगरांत घाला.

चमोलीबद्दल मी सावध राहीन. ७ फेब्रुवारी २०२१ ला रोंती शिखराच्या उत्तर कड्यावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर माल सुटला, त्यातला साधारण ८० टक्के खडक आणि २० टक्के बर्फ, आणि दोनशेहून अधिक माणसं मृत वा बेपत्ता झाली. एवढ्या मोठ्या कड्यात पृष्ठभागाच्या तापवाढीचा ठसा ५० मीटर खोल उमटायला नुसत्या वहनाने काही दशकं लागतात. फटींत पाणी शिरलं तर लवकर. शिवाय उभ्या कातळात उष्णता दोन्ही बाजूंनी येते. तुमच्या मुरमाच्या उतारावरचे दहा सेंटिमीटरचे लॉगर अशा कड्याबद्दल काहीच सांगत नाहीत. लहान, उथळ दरडींचं वेगळं आहे. जुलै २००३ मध्ये मॅटरहॉर्नवर दरड कोसळली तेव्हा उघड्या पडलेल्या खडकावर बर्फ चमकत होता, आणि उन्हाळाही तोच होता. प्रस्तावनेत एखादं उदाहरण हवंच असेल तर सिक्कीमचं दक्षिण ल्होनक घ्या. ३ ऑक्टोबर २०२३ ला तिथे सरोवराच्या कडेचा गोठलेला मोरेन, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा ढीग, कोसळून आत पडला, लाट उसळली, पाणी खाली धावलं आणि चुंगथांगचं धरण गेलं. पर्माफ्रॉस्टशी त्याचा धागा जास्त सरळ आहे. निष्कर्षात मात्र दोन्ही आणू नका.

परवानग्यांना आजपासून लागा. अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव विभागाची लेखी परवानगी लागते, सीमेजवळ काय लागतं ते लेहच्या प्रशासनाला आधी विचारून घ्या, आणि गावाच्या गोबाला (मुखियाला) भेटून काय पुरतोय ते दाखवणं या दोन्हींइतकंच गरजेचं आहे. लॉगर वाचतात ते त्याच्या शब्दामुळे. परदेशी मित्राकडून सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहाने संदेश पाठवणारं यंत्र आणू नका, दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते भारतात बेकायदा आहे आणि लेह विमानतळावर पकडलं जातं. लॉगर बाहेरून मागवणार असाल तर मार्चआधी ऑर्डर द्या; कस्टममध्ये महिना जातो, आणि थर्मास-फ्रीझरच्या तपासणीला पंधरा दिवस हातात उरले पाहिजेत.